दळवींची दुनळी

कुवेतच्या लढाईनंतर वर्षभरात प्रकाशची कंपनी बसली. कंपनीचा इंग्रज साहेब सुट्टीवर म्हणून गेला आणि परत आलाच नाही, एवढंच आम्हाला कळलं. प्रकाश माझा नवरा. तो एअरकंडिशनचे डक्ट बसवायचा. मी पूर्वा आणि निखिलला घेऊन बहरीनला आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अर्धी भांडी अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. परत जायचं तर कुठे? माझे वडील पेणकडच्या मिठागरावर आयुष्यभर मीठ ओढत आले. पायांच्या भेगांत मीठ जाऊन ते कण्हायचे आणि मी शेजारी बसून डेबिट-क्रेडिट पाठ करायचे. आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेली मी पहिली. पहिली बाई नव्हे, पहिलं माणूस. ती पदवी ट्रंकेच्या तळाशी घालून मी मिठागरावर परत जाणार नव्हते.

प्रकाशला दुसरी नोकरी मिळाली ती शिफ्टची आणि कमी पगाराची. दोघांनी कमावल्याशिवाय चार तोंडं तिथे टिकणार नव्हती. मला मनामा शहरात मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम लागलं. सकाळी आठ ते एक, मग तीन ते सहा. शहरातल्याच हूरा भागात एका चार मजली इमारतीत आमची एक खोली; स्वयंपाकघर एका मलबारी कुटुंबाबरोबर अर्धं-अर्धं. ईसा टाउनहून शाळेची बस पूर्वाला आणून सोडायची तेव्हा मी ऑफिसात आणि प्रकाश कामावर, नाहीतर झोपलेला. निखिल तर तेव्हा शाळेतही जात नव्हता. पोरं सांभाळायला कुणी मिळालं नाही तर माझी नोकरी जाणार आणि नोकरी गेली की आमचं बहरीन संपणार, इतकं ते सरळ होतं.

मिळाल्या त्या तळमजल्यावरच्या सुलभावहिनी. देवमाणूस. पण सुलभावहिनी घ्यायच्या तर दळवी घ्यावे लागत. ते त्यांचे यजमान.

दळवी इमारतीचे केअरटेकर होते. इमारत एका म्हाताऱ्या बहरीनी व्यापाऱ्याची. सगळे त्याला हाजी म्हणत. हाजीची दुकानं, बागा, इमारती बऱ्याच होत्या आणि तो इकडे क्वचित फिरके. त्यामुळे आमच्यापुरते हाजी म्हणजे दळवीच. खोली कुणाला द्यायची, कुणाची काढायची, पाण्याचा पंप कधी चालू करायचा, गच्चीवर कपडे कुणी कधी वाळत घालायचे, सगळं दळवी ठरवत. दारात एक गुबगुबीत ऑफिसची खुर्ची टाकून बसत. तिचं एक चाक तुटलेलं होतं, म्हणून त्या कोपऱ्याखाली वीट. त्या विटेवर तोल सांभाळत हा माणूस राज्य करायचा.

अंगात खाकी सफारी. मिशा काळ्याभोर, रंगवलेल्या. कल्ले पांढरे, कारण कल्ल्यांना रंग लावला की पुरळ यायचं. खिशात मिशांसाठी एक चिमुकली फणी. गळ्यात शिट्टी. हो, शिट्टी. मुलं जिन्यात पळाली की शिट्टी. मलबारी इस्त्रीवाल्याने सायकल दाराला टेकवली की शिट्टी. एकदा माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, त्यांनी पायरीवर बसून लसूण सोलला तर त्यांनाही शिट्टी. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "पोलिसात होता का हो तुम्ही?"

दळवी पोलिसात नव्हते. सैन्यातही नव्हते. मुंबईला गोदीत स्टोअरकीपर होते, तिथून इकडे आले. पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस दोन लढाया मारून आलाय. "आमचे दळवी म्हणजे महाराजांचे सरदार," हे वाक्य दिवसातून एकदा यायचंच. आणि दुसरा शब्द शिस्त. "माझ्या बिल्डिंगीत शिस्त आहे." "माझ्या घरात शिस्त आहे." हाजीची गाडी गल्लीत वळली की मात्र शिट्टी सफारीच्या आत जाई, मान वाकडी होई आणि तोंडातून मालकासाठीचं "अरबाब, अरबाब" असं लोणी ठिबकू लागे. हाजी गेला, की तीच मान ताठ करून ते इस्त्रीवाल्यावर वसकन ओरडत, "यल्ला, यल्ला! सायकल हटाव!"

मला ते पहिल्या दिवसापासून "बीकॉमबाई" म्हणत. नाव माहीत होतं, वहिनी म्हणता आलं असतं, पण नाही. "काय बीकॉमबाई, आज उशीर?" "बीकॉमबाई, पोरं आमची बायको सांभाळते आणि पगार तुम्ही घेता, हे कुठल्या हिशेबात बसतं?" सुलभावहिनींना आम्ही दर महिन्याला पैसे देत होतो आणि ते दळवींच्याच खिशात जात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी गप्प बसायची. गप्प बसण्याचं कारण वर सांगितलं आहे.

एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे, तीही सांगून टाकते, नाहीतर लोक म्हणतील सुमन एकतर्फी लिहिते. निखिलला एकदा भर दुपारी दमा उठला. प्रकाश कामावर, मी ऑफिसात. दळवींनी त्याला खांद्यावर टाकला, हाजीच्या दुकानाचा पिकअप रस्त्यात आडवा होऊन थांबवला आणि इस्पितळात नेला. मी पोचले तेव्हा निखिलच्या तोंडावर मास्क होता आणि दळवी नर्सला शिस्त शिकवत होते. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले. नंतर वर्षभर ते भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होते, दर वेळी माझं पाया पडणं थोडं जास्त वाकून.

आता बंदूक.

ती हाजीची होती. जुनी, दोन नळ्यांची, पक्ष्यांच्या शिकारीची. वर मागे दोन घोडे, खाली दोन चाप. परवाना हाजीच्या नावावर. लढाईच्या वर्षी हाजी बायकामुलांना घेऊन परदेशी गेला आणि जाताना बागेतल्या घराच्या किल्ल्या दळवींकडे दिल्या. त्या घरात ही बंदूक होती. रिकाम्या घरात ती कशाला, म्हणून दळवींनी ती इमारतीत आणली. त्या दिवसांत भोंगा वाजला की सगळी इमारत मास्क लावून खोल्यांत बसायची आणि दळवी दुनळी घेऊन गच्चीवर जायचे. हे मी ऐकलेलं. मी तेव्हा नव्हते. आकाशातून क्षेपणास्त्र येणार आणि खाली सफारी घालून हे. हसण्यावारी न्यावं अशी गोष्ट, पण आमच्या इमारतीत ती कुणी हसून सांगायचं नाही. "दळवी होते म्हणून झोप लागायची," असं म्हणायचे.

लढाई संपली. हाजी परत आला. बंदूक दळवींच्या घरातच राहिली.

मला हे कळलं ते पूर्वामुळे. ती तेव्हा दुसरीत. एका संध्याकाळी तिच्या कंपासपेटीत रबराच्या शेजारी लाल प्लॅस्टिकची जाडशी नळी दिसली, बुडाला पितळेची टोपी. मी विचारलं, हे काय?

"आई, इट्स अ लिपस्टिक. डॉलची. सुलभामावशीच्या बिस्किटाच्या डब्यात खूप आहेत."

मी ते हातात घेतलं. जड होतं. माझे मोठे मामा सुधागडकडे रानडुकरांसाठी बंदूक बाळगत; काडतूस काय असतं ते मला माहीत होतं. गल्फमध्ये घरोघर तो लोण्याच्या बिस्किटांचा निळा गोल डबा असतो. बिस्किटं संपली की त्यात सुया, दोरे, बटणं. सुलभावहिनींच्या फळीवर दोन होते. एकातून मुलांना रोज बिस्किटं मिळत. दुसऱ्यात दळवींची काडतुसं. आणि बंदूक? पूर्वाने हसत सांगितलं, कॉटखाली, काकांच्या बॅगेमागे. ज्या कॉटवर माझा निखिल दुपारी झोपायचा तिच्या खाली.

मी ते काडतूस घेऊन तशीच खाली गेले. दळवी खुर्चीवर बसून मिशा विंचरत होते.

"हे तुमचं?"

"अरे! कुठे सापडलं?"

"माझ्या पोरीच्या कंपासपेटीत."

"चोरटी आहे हो तुमची लेक," म्हणाले आणि हसले. "घाबरू नका बीकॉमबाई. बंदुकीशिवाय ते नुसतं खेळणं."

"आणि बंदूक कॉटखाली."

"घराच्या रक्षणाला आहे ती. कॉटखाली नाही तर काय बँकेत ठेवू?"

मी म्हटलं, बंदूक कुलपात ठेवा. काडतुसं दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या तुमच्या गळ्यात, त्या शिट्टीच्या दोरीत. घरात इमारतीतली सगळी पोरं येतात.

"म्हणजे चोर आला, की मी त्याला म्हणू, बाबा रे, थांब जरा, दोन किल्ल्या शोधतो?"

"चोर आजवर एकदाही आलेला नाही. पोरं रोज येतात."

हे त्यांना लागलं. फणी खिशात गेली. "ऐका. मुलांपासून लपवलं की ती शोधतात. मी दाखवून ठेवलंय, हात लावू दिलाय. आता त्यांना त्याचं काही नाही. याला म्हणतात शिस्त. तुम्ही पुस्तकं शिकलात, माणसं नाही शिकलात." मग आवाज उतरवून, अगदी गोड, "आणि इथे भीती वाटत असेल तर रूम सोडा. दोन मल्याळी फॅमिली वाट बघतायत. माफी मुश्किल."

'माफी मुश्किल' म्हणजे हरकत नाही. तिकडे सगळे बोलतात. दळवी ते धमकी म्हणून वापरायचे.

वर येऊन प्रकाशला सांगितलं. तो नाइट शिफ्टला निघाला होता. बुटाची नाडी बांधताबांधता म्हणाला, "सुमन, रूम गेली तर कुठे जायचं? पोरांना समजावून सांग, हात लावू नका म्हणावं."

"तू सहा वर्षांचा असताना तुला समजावलेलं समजायचं?"

तो दुसऱ्या बुटाची नाडी बांधून जिना उतरला.

इमारतीत फिरले. वरच्या मजल्यावर पुण्याचे एक इंजिनीअर राहत, त्यांनी परवान्यावर दहा मिनिटं माहिती दिली आणि शेवटी म्हणाले, "आपण यात न पडलेलं बरं." रत्नागिरीच्या रुबीनाभाभींची दोन पोरं दळवींच्याच घरी खेळत. त्या घाबरल्या, पण त्यांच्या नवऱ्याचा व्हिसा हाजीच्या कंपनीचा. त्या म्हणाल्या, "सुमनबाय, तू शिकलेली हाईस, तू बोल. आमी तुज्या मागं हाव." मागं म्हणजे बरंच मागं.

पोरांना सुलभावहिनींकडून काढून न्यायची तर दुसरी सोय नव्हती. आठवडाभर मी प्रकाशला दिवसा जागं ठेवून बघितलं. मशीनवर त्याचा डोळा लागला आणि बोटं थोडक्यात वाचली. पोरं परत खाली गेली. रोज ऑफिसात तीन वाजता, बंदुकीच्या वरच्या कॉटवर निखिल झोपला असेल, असा विचार करत मी आकड्यांची बेरीज करायची आणि बेरीज चुकायची. माझी बेरीज कधी चुकत नसे.

माझ्या बोलण्याचा एक परिणाम झाला. दळवींनी बंदूक कॉटखालून कपाटात हलवली आणि कपाटाला कुलूप लावलं. कुलूप विमानप्रवासाच्या बॅगेचं, नखाएवढं. किल्ली देवाच्या फळीशेजारी खिळ्याला. मुलं ती खेळायला घेत. "झालं समाधान?" मला विचारलं, सगळ्यांसमोर.

दळवींचा खरा दिवस दसरा.

बहरीनला दसऱ्याची सुट्टी नसते. जवळचा शुक्रवार बघायचा. तिथे सुट्टी शुक्रवारची. दळवी त्या शुक्रवारी शस्त्रपूजा करायचे. लोक घरी कात्री, पाना, पुस्तकं ठेवतात तशी नाही. हॉलच्या मधोमध पाट, पाटावर लाल कापड, त्यावर दुनळी. मनामाच्या बाजारातून आणलेला झेंडूचा हार नळ्यांना. हळदकुंकू. आपटा मिळत नाही म्हणून रुबीनाभाभींच्या कुंडीतल्या लिंबाची पानं सोनं म्हणून. सगळी इमारत जमायची, हिंदू, मुसलमान, मलबारी, कारण नंतर सुलभावहिनींची श्रीखंडपुरी असायची. मग मुलांची रांग. प्रत्येक मुलाने बंदुकीला नमस्कार करायचा, दळवी अंगठ्याने एक घोडा मागे ओढून द्यायचे, मुलाचं बोट चापावर ठेवायचे आणि मूल ओढायचं. खट्! "शाब्बास, वाघ!" पुढचा. आईबाप टाळ्या वाजवायचे. मीसुद्धा मागच्या एका दसऱ्याला त्या खोलीत होते. मागे, स्वयंपाकघरात, पुऱ्या तळत. खट् खट् ऐकू येत होतं. मुलं टिकल्या फोडतायत असं वाटलं होतं मला.

ज्या वर्षाबद्दल लिहितेय ते पंचाण्णवच्या आसपासचं. गावांकडे सरकारविरुद्ध गडबड चालली होती, टायर जळत, पोलिसांच्या गाड्या फिरत. हूऱ्यात एका दुकानाची काच फुटली. इमारतीत भीती होती, आणि भीती असली की दळवी फुलायचे. त्या आठवड्यात ते छाती काढून फिरत होते.

शुक्रवारी सकाळी मी पोरांना खाली पाठवणारच नव्हते. पण निखिल हट्टाला पेटला, आणि घरी कोंडून ठेवलं तर तो शनिवारी दुपारी तिथेच जाणार होता. म्हणून मी त्याच्याबरोबर गेले आणि स्वयंपाकघरात न जाता हॉलमध्ये उभी राहिले. दळवींनी बघितलं. "अरे वा, बीकॉमबाई आज पूजेला!"

रांग सुरू झाली. इंजिनीअरांची मुलगी. खट्. रुबीनाभाभींचा थोरला, धाकटा. खट्, खट्. नळ्यांची तोंडं स्वयंपाकघराच्या भिंतीकडे. भिंत कसली, प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे तीन बायका पुऱ्या लाटत होत्या.

निखिलची पाळी आली. त्याने नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, नॉट दॅट वन. मला दुसरा. हा सगळ्यांनी केला."

लोक हसले. दळवी खूश. "बघा! सरदार आहे हा. सगळे पुढचा ओढतात, ह्याला मागचा पाहिजे." आणि त्यांनी दुसरा घोडा अंगठ्याने मागे ओढला.

"आधी उघडा," मी म्हटलं.

"काय?"

"बंदूक उघडून दाखवा. मग ओढू दे."

"पूजेला बसवलेलं शस्त्र उघडत नाहीत, वहिनी." आयुष्यात पहिल्यांदा मला वहिनी म्हणाले. "पाळायचं असतं काही."

"मग माझा मुलगा ओढणार नाही."

"रिकामी आहे! तीन पोरांनी ओढली तुमच्यादेखत!"

"उघडा."

"सुमनताई, शुभ दिवशी कशाला," इंजिनीअर पुटपुटले. निखिलचं बोट चापाजवळच होतं. मी त्याचं मनगट धरलं आणि ओढून घेतलं. तो रडायला लागला. दळवी उभे राहिले. मिशीची टोकं थरथरत होती. "हे माझं घर आहे. माझ्या घरात माझ्या शब्दावर संशय? उद्या रूम खाली करा. उद्या! खलास!"

तेवढ्यात सुलभावहिनी हात पुसत बाहेर आल्या. पदराला पीठ. पाटासमोर बसल्या, बंदुकीला हात जोडले, हार काढून बाजूला ठेवला. मग अंगठ्याने घोडा धरून तो अलगद, दाबत दाबत, खाली बसवला. वरची कळ बाजूला सारली. बंदूक मधून मोडून उघडली.

उजवी नळी रिकामी. त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

डावीत पितळेची टोपी.

रुबीनाभाभींनी आपली दोन्ही पोरं जवळ ओढली. पार्टिशनपलीकडे कढईत पुरी करपली, तिचा वास आला. सुलभावहिनींनी काडतूस नखाने उपसून पदराच्या गाठीत बांधलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्या बाबांकडे होती. डुकरांसाठी. शेतातून आली की उंबऱ्याबाहेर उघडायचे, मग आत. काडतुसं कणगीच्या खाली, कुलपात. आम्ही सहा भावंडं होतो. तुम्हाला लग्नापासून सांगत्ये."

दळवी काय म्हणाले? माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर इथे लिहिलं असतं, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाही आलं. ते म्हणाले, "मंगळवारी गच्चीचं दार वाजलं म्हणून भरली होती. लक्षात राहिलं नाही. झालं का कुणाला काही? नाही ना झालं?" आणि मग, माझ्याकडे बोट करून, "हिच्यामुळे पूजा मोडली."

पूजा मोडली! पार्टिशनपलीकडच्या तीन बायकांपैकी एकीला सातवा महिना होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच आमच्या दारावर टकटक करून सांगितलं, महिनाअखेर खोली खाली. मी ऑफिसला गेले नाही. सुलभावहिनी आपणहून वर आल्या, चप्पल घालून, चांगली साडी नेसून. आम्ही दोघी मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, हाजीच्या दुकानात गेलो. प्रकाश येतो म्हणाला. मी म्हटलं, तू पोरांजवळ बस.

हाजी कापडाच्या तागांमागे चहा घेत होता. मी इंग्रजीत सांगितलं, सरळ, क्रमाने, आवाज न चढवता. अडलं तिथे त्याचा नातू अरबीत सांगत होता. कुठे ठेवली होती, काडतुसं कुठे, किल्ली कुठे, दसऱ्याला काय झालं. हाजीने मधेच हात वर केला आणि तुटक्या हिंदीत विचारलं, "बंदूक बिल्डिंग में?" त्याला माहीतच नव्हतं. त्याने दळवींना ती बागेतल्या घरात लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवायला सांगितली होती, आणि परत आल्यावर "ठीक है?" विचारलं तेव्हा दळवी म्हणाले होते, "ठीक है, अरबाब." तो सुलभावहिनींकडे वळला. "सच?" वहिनींनी पदराची गाठ सोडली आणि काडतूस त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

हाजी त्याच दुपारी आला. सोबत नातू आणि पिकअपचा ड्रायव्हर. इमारत खिडक्यांत जमली. दळवी बंदूक चादरीत गुंडाळून बाहेर आले, लहान मूल आणावं तशी दोन्ही हातांत. हाजीने ती हातात घेतली नाही. म्हणाला, "खोल." रस्त्यात. दळवींनी चादर सोडली, बंदूक मोडली, दोन्ही नळ्या हाजीला दाखवल्या. हाजीने वाकून आरपार बघितलं. मग निळा डबा मागितला, आतली काडतुसं नातवाकडून तपासून घेतली आणि डबा स्वतःच्या गाडीत ठेवला. बंदूक पिकअपमध्ये, वेगळी. निघताना काच खाली करून दळवींना अरबीत काहीतरी म्हणाला. नातवाने भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती.

मला हाजीने एवढंच सांगितलं, "यू स्टे."

दळवी आणखी दोन वर्षं केअरटेकर होते. माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पोरं सुलभावहिनींकडेच वाढली. मी एकला घरी जायची तेव्हा ते खुर्चीत असायचे. मी दिसले की शिट्टी उगाच तोंडात धरून रस्त्याकडे बघत बसायचे, वाजवायचे नाहीत. शेवटचे दिसले ते जाण्याच्या सकाळी. टॅक्सीत सामान चढवताना ड्रायव्हरला ओरडत होते, बॅग उलटी ठेवली म्हणून. वहिनी मागच्या सीटवर बसून पदराने डोळे पुसत होत्या. निखिल धावत गेला आणि खिडकीतून वहिनींचा हात धरला. दळवींनी त्याच्याकडे बघितलं, मिशीवरून फणी फिरवली आणि त्याला म्हणाले, "मोठा झालास की सैन्यात जा." माझ्याकडे बघितलंही नाही. टॅक्सी गेली.

त्या दसऱ्यानंतर आमच्या इमारतीत बंदूक नव्हती. ती हाजीच्या बागेतल्या घरात लोखंडी कपाटात होती, रिकामी; काडतुसं दुसरीकडे, दुसऱ्या कुलपात; दोन्ही किल्ल्या हाजीजवळ. मी खोली सोडली नाही आणि नोकरीही सोडली नाही. इमारतीतलं प्रत्येक मूल धडधाकट मोठं झालं.